कार्डावरचं १९४५

आवडत्या सिनेमाच्या ‘आधीची गोष्ट’ येणार म्हटलं की आपण पहिल्या दिवशीचं तिकीट काढतो आणि बरेचदा हिरमुसून घरी येतो. प्रीक्वेलचं नेमकं बिनसतं कुठे?

दहा वर्षांची असताना माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, मला लायब्ररीतून एक पुस्तक आणून दिलं. ‘हॅरी पॉटर आणि परीस’. कव्हर सुटलेलं, मधली चार पानं चिकटपट्टीने जोडलेली. त्यात हॅरी पहिल्यांदा होगवर्ट्सच्या रेल्वेत बसतो, चॉकलेट फ्रॉगचं पाकीट फोडतो आणि आतून एक कार्ड निघतं. कार्डावर डम्बलडोरचं चित्र आणि मागे त्याची थोडक्यात माहिती. त्या माहितीत एक बारीकसा उल्लेख आहे. १९४५ मध्ये ग्रिंडेलवाल्ड नावाच्या दुष्ट जादूगाराला याने हरवलं. बास, एवढंच. पुढे हॅरी दुसरं पाकीट फोडतो, गोष्ट पुढे जाते.

आम्ही मात्र तिथेच अडकलो. कोण हा ग्रिंडेलवाल्ड? कसं हरवलं त्याला? सातव्या पुस्तकात कळलं की हे दोघं तरुणपणी जिवलग मित्र होते, आणि मग तर आमची झोपच उडाली. ते द्वंद्व कसं झालं हे सविस्तर कुठेच लिहिलेलं नाही. मग आम्हीच ते केलं. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, हातात फूटपट्ट्या घेऊन. दादा कायम डम्बलडोर, कारण तो मोठा. मी कायम ग्रिंडेलवाल्ड, आणि मी कायम हरायचे.

त्यामुळे २०१६ मध्ये ‘फँटास्टिक बीस्ट्स’ आला तेव्हा आमच्यासाठी तो कुठल्या जादुई प्राण्यांचा सिनेमा नव्हताच. आम्ही १९४५ची वाट बघत होतो. एकूण पाच सिनेमे येणार असं जाहीर झालेलं, म्हणजे पाचव्यात तरी ते येणार हे नक्की होतं. पहिला आम्ही एकत्र पाहिला, मी तेरा वर्षांची होते. दुसरा २०१८ मध्ये, तोही एकत्र. तिसरा २०२२ मध्ये आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि दादा नोकरीसाठी हैदराबादला. ‘तू बघ आणि मला सांग,’ म्हणाला. अर्ध्याहून जास्त रिकाम्या थिएटरमध्ये एकटीने पाहिला आणि बाहेर आल्यावर त्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, ‘१९४५?’ मी म्हटलं, ‘नाही.’

तीन सिनेमांनंतर गोष्ट अजून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच होती. पुढचे दोन आलेच नाहीत. कमाई बघितली तर कारण कळतं. जगभरात पहिल्याने सुमारे ८१ कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने ६५, तिसऱ्याने ४०. लोक टप्प्याटप्प्याने उठून गेले.

शेवट माहीत असतो म्हणून?

हा प्रश्न आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत सगळ्यांचं एकच उत्तर. ‘अगं, शेवट माहीत असतो ना! मग मजा काय?’ सीक्वेलमध्ये पुढे काय होणार हे माहीत नसतं. प्रीक्वेलमध्ये मात्र हिरो कितीही संकटात सापडला तरी तो वाचणार हे आपल्याला ठाऊक असतं, कारण त्याचं पुढचं आयुष्य आपण आधीच बघून बसलोय. लॉजिक बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं.

पण मग ‘छावा’चं काय करायचं? २०२५च्या फेब्रुवारीत अख्ख्या महाराष्ट्राने तो पाहिला. संभाजी महाराजांचं पुढे काय झालं हे चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. तरी लोक रडत बाहेर पडले, आणि बरेच जण दुसऱ्यांदा गेले.

शेवट माहीत असलेल्या गोष्टीची माझी सगळ्यात मोठी साक्षीदार म्हणजे माझी आजी. ती मूळची कुडाळकडची. लहानपणी रात्र रात्र जागून दशावतार बघितलेली. राक्षस मरणार हे पहिल्या प्रवेशापासून सगळ्या गावाला माहीत, तरी पहाटेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं ती सांगते. २०१९ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व सुरू झालं तेव्हा मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. रात्री अभ्यासाच्या नावाखाली पुस्तक मांडीवर आणि नजर टीव्हीवर.

आता ही मालिका आठवा. २०१६चं पहिलं पर्व सुरूच होतं अण्णा नाईकांच्या मृत्यूने. माणूस गेलेला, पण त्याने करून ठेवलेलं सगळं त्या वाड्याला पुरून उरलेलं. दुसरं पर्व गेलं मागे, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. म्हणजे टेक्निकली ते प्रीक्वेलच! माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचले ते या दुसऱ्या पर्वात, पहिल्यात नव्हे. मी एकदा आजीला डिवचलं, ‘आजी, हा मरणार हे तुला माहितीये ना? मग कशाला जागतेस?’ ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, ‘तो मरतलो ता माका ठाऊक आसा गो. पण मराच्या आधी काय काय करतलो ता बघूक नको?’

प्रीक्वेलवर मी आजवर जेवढे व्हिडीओ पाहिलेत त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं निघालं. पहिल्या पर्वात महिनोन्महिने आपण एकच विचारत होतो, असा कसा माणूस होता हा? दुसऱ्या पर्वाने त्याचं उत्तर दिलं. आणि शेवट माहीत असल्यामुळे मजा गेली नाही, उलट माईंकडे बघताना घशाशी यायचं. या बाईला पुढे काय काय सोसायचंय ते आपल्याला माहीत, तिला नाही.

आडनाव कुठून आलं, काठी कुठून आली

म्हणजे गडबड शेवट माहीत असण्यात नाही. माझ्या मते ती प्रश्नात आहे. बरेच प्रीक्वेल कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत बसतात.

‘सोलो’ घ्या, २०१८चा. ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो हा सगळ्यांचा लाडका. पहिल्या सिनेमात, म्हणजे १९७७ मध्ये, तो एका टपरीवजा बारमध्ये भेटतो तेव्हाच त्याच्यामागे बरंच काही घडून गेलंय हे कळतं. अंगावर कर्ज, मागावर माणसं, शेजारी एक केसाळ मित्र आणि तोंडात फुशारक्या. त्याचा भूतकाळ माहीत नाही म्हणूनच तो भारी वाटतो. ‘सोलो’ने काय केलं? तो केसाळ मित्र कसा भेटला ते दाखवलं. पिस्तूल कुणी दिलं ते दाखवलं. यान पत्त्यांच्या डावात कसं जिंकलं, ज्या सफरीच्या बढाया तो मारतो ती कशी झाली, सगळं दाखवलं. एवढंच काय, ‘सोलो’ हे आडनाव कुठून आलं तेही दाखवलं. भरतीच्या रांगेत याच्यामागे कुणी नातेवाईक नाही हे ऐकून एक अधिकारी ते फॉर्मवर लिहून टाकतो. खरं सांगा, त्याचं आडनाव कुठून आलं असा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता? मला माझ्या आडनावाबद्दलही पडलेला नाही.

आणि हे सगळं एकाच मोहिमेच्या आगेमागे घडतं. माणसाचं आयुष्य न वाटता ते सामानाची यादी वाटायला लागतं. २५ कोटी डॉलरहून जास्त खर्चाच्या या सिनेमाने जगभरात ४० कोटींच्या आतच कमावले. एवढ्या मोठ्या ब्रँडसाठी हा सणसणीत फटकाच.

‘मुफासा’ (२०२४) धंद्याच्या बाबतीत पडला नाही हे मान्य. आपल्याकडे तर शाहरुख आणि त्याच्या दोन्ही मुलांच्या आवाजामुळे हिंदी डबिंगचीच हवा जास्त होती. पण तिथेही तेच. रफिकीची काठी कुठून आली, तो प्रसिद्ध खडक कसा उभा राहिला, स्कारला जखम कशी झाली. वर मुफासा आणि स्कार हे सख्खे भाऊच नव्हते असंही निघालं. ‘लायन किंग’मधली जीवघेणी गोष्टच ही की भाऊ भावाला ढकलतो. लहानपणी त्या सीनला मी आईच्या ओढणीत तोंड लपवलं होतं. आता त्यात ‘तसा सख्खा नव्हता’ अशी तळटीप जोडायची का?

सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरण मात्र १९९९चं, ‘द फँटम मेनस’. जुन्या सिनेमांमधला ‘फोर्स’ म्हणजे सगळ्या सजीवांना बांधून ठेवणारी एक शक्ती. ध्यान लावा, मन शांत करा, ती जाणवेल. आपल्याला तर हे समजायला काहीच अडचण नाही, आपल्याकडच्या निम्म्या गोष्टी अशाच आहेत. प्रीक्वेलमध्ये समजलं की फोर्सचा संबंध रक्तातल्या सूक्ष्म जीवांशी आहे. छोट्या अनाकिनची रक्ततपासणी होते आणि आकडा येतो वीस हजारांहून जास्त. ज्यासाठी तपश्चर्या लागते असं वाटत होतं त्याचा पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट हातात आला. चाहते भडकले यात नवल नाही.

पण तो भडका ज्यांच्यावर निघाला ते आठवलं की मला हसू येत नाही. जार जार बिंक्स हे पात्र करणाऱ्या अहमद बेस्टने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्या वेळच्या टीकेमुळे तो जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचला होता. छोटा अनाकिन झालेल्या मुलालाही शाळेत छळ सोसावा लागला. आपल्या मनातली गोष्ट मोडली याचा राग पटकथेवर निघायला हवा होता. तो निघाला एका पोरावर आणि एका नटावर.

आधीच्या गोष्टीने नंतरची बिघडते

फालतू उत्तरं फार तर कंटाळा आणतात. काही उत्तरं मात्र मागे जाऊन, तुम्ही आधीच पाहून मनात जपून ठेवलेल्या गोष्टीला धक्का लावतात. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

व्होल्डेमॉर्टची नागीण आठवते? नागिनी. शेवटच्या भागात नेव्हिल तलवारीने तिचं मुंडकं उडवतो. सात पुस्तकं ज्याला सगळ्यांनी चिडवलं तो नेव्हिल! त्या सीनला दादाने टीव्हीसमोर शिट्टी मारली होती. मग २०१८च्या प्रीक्वेलमध्ये कळलं की नागिनी ही मुळात एक बाई होती. शापित रक्ताची, सर्कशीत पिंजऱ्यात ठेवलेली, कधीतरी कायमची साप होणार हे स्वतःला माहीत असलेली. कल्पना वाईट नाही, वेगळ्या सिनेमात मला ती आवडलीही असती. पण आता नेव्हिलची तलवार फिरते तेव्हा मी काय करू? शिट्टी मारू की त्या बाईला आठवू? बनवणाऱ्यांनी याचा विचार केला असेल असं सिनेमा बघून तरी वाटत नाही.

त्याच सिनेमात १९२७ सालच्या होगवर्ट्समध्ये प्रोफेसर मॅकगोनागल चालताना दिसतात. पाचव्या पुस्तकात त्या स्वतः सांगतात की शिकवायला लागून आपल्याला ३९ वर्षं होतील. त्या पुस्तकाची गोष्ट १९९५ मधली. वजाबाकी करा, १९५६ येतं. दादाने इंटर्व्हलमध्ये समोसा खाता खाता ही वजाबाकी केली आणि म्हणाला, ‘यांनी पुस्तक वाचलंय का?’ लेखिकेनेच पटकथा लिहिली होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

‘हॉबिट’बद्दल थोडक्यात. मूळ पुस्तक १९३७चं, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या आधी लिहिलेलं. सिनेमे नंतर आले म्हणून ते प्रीक्वेल झालं. तीनेकशे पानांच्या मुलांच्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक सिनेमे केले. पुस्तकात नसलेला लेगोलस आणला आणि शेवटी त्याला अरागॉर्नला शोधायला पाठवलं. पुस्तकांच्या कालगणनेनुसार अरागॉर्न तेव्हा दहा वर्षांचा असतो. काय बोलणार!

मग जमतं कुणाला?

‘बाहुबली’ला जमलं. दुसरा भाग म्हणायला सीक्वेल, पण त्यातला बराचसा भाग मागची गोष्ट सांगतो. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं अख्खा देश एकच प्रश्न विचारत होता. कट्टप्पाने मारलं हे माहीत होतं, का मारलं हे माहीत नव्हतं. ‘काय’ सांगून टाकलं आणि ‘का’ हातात राखून ठेवलं. आजीच्या वाक्याचंच हे पाचशे पट मोठं रूप म्हणा.

‘बेटर कॉल सॉल’ने (२०१५ ते २०२२) वेगळी युक्ती केली. सॉल पुढे जिवंत असणार हे ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलेल्यांना माहीत. पण त्याच्या आयुष्यात किम वेक्सलर येते, आणि ती ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये कुठेही नाही. मग तिचं झालं काय? प्रत्येक सिझनला ती दारातून बाहेर पडली की माझ्या पोटात गोळा यायचा. शेवट माहीत असणं हेच तिथे भीतीचं कारण झालं. ‘रोग वन’मध्येही (२०१६) तेच. आराखडे चोरीला जाणार हे ठरलेलं, पण चोरणारी माणसं पुढच्या सिनेमात का दिसत नाहीत हे हळूहळू लक्षात यायला लागतं.

आणि या सगळ्यांचा बाप १९७४चा ‘गॉडफादर पार्ट टू’. तरुण व्हिटोची गोष्ट आणि त्याच्या मुलाची पुढची गोष्ट आलटून पालटून. बाप कुटुंब उभं करतोय, मुलगा तेच मोडतोय. रॉबर्ट डी नीरोने ब्रँडोची नक्कल केली नाही, तो माणूस घडताना दाखवला आणि ऑस्कर नेलं.

इथपर्यंत लिहून मी खूश होते. थिअरी तयार होती. लोकांनी खरंच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, प्रीक्वेल चालेल. मग माझ्या धाकट्या मावसबहिणीने तिची वाट लावली. ती चौदा वर्षांची. तिने ‘स्टार वॉर्स’ एक, दोन, तीन अशा क्रमाने पाहिले, म्हणजे प्रीक्वेल आधी. तिला छोटा अनाकिन आवडतो, जार जारही आवडतो. रक्ततपासणीचं काय चुकलं हे मी दहा मिनिटं समजावलं, तिला कळलंच नाही. तिच्यासाठी तो प्रीक्वेल नाहीच, तिची गोष्ट तिथूनच सुरू होते. १९९९ मध्ये जी मुलं होती त्यांचंही हेच झालं असणार. २०२२ मध्ये हेडन क्रिस्टेन्सन पुन्हा डार्थ वेडर म्हणून आला तेव्हा स्वागत करणाऱ्यांत तीच मोठी झालेली मुलं होती. नाराज होतो तो आधी येऊन बसलेला प्रेक्षक, डोक्यात आपला सिनेमा घेऊन आलेला.

आणि खरं सांगायचं तर आमचं १९४५ माझ्या थिअरीत बसतच नाही. तो प्रश्न आम्ही विचारलेला होता. नुसता विचारलेला नव्हे, गच्चीवर शेकडो वेळा खेळून झालेला. समजा पाचवा सिनेमा आला असता आणि त्यात ते द्वंद्व असतं, अर्धा तास, उत्तम ग्राफिक्स, तरी आम्ही काय म्हटलं असतं? ‘छे, असं नव्हतं.’ कारण आमच्यात ग्रिंडेलवाल्ड शेवटी पाण्याच्या टाकीला टेकून बसायचा आणि डम्बलडोर त्याच्या शेजारी बसून पट्टी खाली ठेवायचा. कधी कधी दोघं मिळून चिंचा खायचे. हे दादाने ठरवलं होतं. पुढे ते दोघं मित्र होते हे वाचलं तेव्हा त्याने तीन दिवस कॉलर ताठ ठेवली होती.

आता हॅरी पॉटरची पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून, मालिकेच्या रूपात येतायत. गेल्या आठवड्यात दादाने त्याची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘बघणार का?’

मी लिहिलं, ‘चॉकलेट फ्रॉगचं कार्ड दाखवतात का ते आधी बघू.’